सत्काराच्या व्हिडिओबद्दल

चि. सोनू,
प्रभू येशूच्या नावाने सलाम आणि आशीर्वाद.

मुलांसाठी झटणाऱ्यांच्या रविवारच्या सत्कारासाठी तू पाठवलेला व्हिडिओ काल चर्चच्या कमिटीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी पाहिला. मम्मीने तर तीनदा लावायला लावला. काम सुरेख झालंय, पण त्यातले मुलांचे फोटो सगळे काढ. धूसर करून ठेवू नकोस, काढूनच टाक. आपली चर्चची मंडळी एवढीशी, पाठमोऱ्या पोराचं दप्तर पाहूनही लोक ओळखतात.

मीटिंगमध्ये यावरून बरंच झालं. एक पंच म्हणाले, मुलांसाठी झटणाऱ्यांचा सत्कार आणि मुलंच नाहीत, म्हणजे नवरदेवाशिवाय वरात! शेवटी मी २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ७४ वाचून दाखवलं. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, ओळख पटेल असं काहीही छापायचं किंवा दाखवायचं नाही. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्हीही. दंडाचा आकडा ऐकल्यावर सगळे गप्प बसले. मला खरं तर कायद्याच्या आधी ती आठवीतली पोर आठवत होती. संडे स्कूलमध्ये ती इतरांसारखीच बसते, भांडते, उशिरा येते. तिला स्टेजवर बोलावून 'ही आपण सांभाळलेली' म्हणून टाळ्या घ्यायच्या का?

मग दाखवायचं काय, असं तू विचारशील. मामांची कागदपत्रांची पिशवी दाखव. तुला मामा आठवतात ना, एसटीतून रिटायर झालेले, भक्तीला मागच्या बाकावर डुलक्या घेणारे? बालसंगोपन योजनेच्या फायली तेच करतात. आईबाप गेले किंवा सांभाळू शकत नसले, तरी मूल संस्थेत न जाता आजीकडे, काकाकडे घरातच वाढावं म्हणून सरकार महिन्याला २,२५० रुपये देतं. पण त्यासाठी मृत्यूचा दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बोनाफाईड, आधार, पासबुक असं सगळं जमवावं लागतं. शिवाय राहत्या घरासमोर मूल आणि सांभाळणारं माणूस यांचा एकत्र फोटो. एका वस्तीवर आजी लुगडं बदलल्याशिवाय उभी राहीना. नातवाची चड्डी उसवलेली, म्हणून मामांनी फोटो कमरेपर्यंतच काढला. कचेरीत तो चालला नाही, घर दिसत नाही म्हणे. मामा पुन्हा गेले, या वेळी सुईदोरा घेऊन. हप्ता रखडला की विचारायलाही तेच जातात. असल्या कामाला आपल्याकडे कोणी सेवा म्हणत नाही, चकरा म्हणतात.

दुसऱ्या आपल्या अक्का. त्यांच्याबद्दल मंडळीत दोन मतं आहेत, तुझ्या कानावर आलंच असेल. एका मुलीने बाळंत झाल्यावर बाळ चर्चमधल्याच एका मूल नसलेल्या जोडप्याला देऊन टाकायचं ठरवलं होतं. दोन्हीकडचे राजी, प्रार्थनाही झालेली. अक्का आडव्या आल्या. आई आणि बाळ दोघांना घेऊन त्या सरकारच्या बालकल्याण समितीपुढे गेल्या. मूल सोपवायचंच असेल तर ते समितीपुढे, आणि त्यानंतरही आईला फेरविचाराला दोन महिने मिळतात. दत्तक पुढे रीतसर नोंदणी करूनच. ते जोडपं अजून अक्कांशी बोलत नाही. त्या मुलीने काय ठरवलं, हे मला माहीत नाही. अक्कांनी घरी नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही, आणि माझ्या मते सत्कार या गप्प राहण्याचाच व्हायला हवा. व्हिडिओत मात्र यातलं अक्षरही नको.

सुरुवातीला तू पंडिता रमाबाईंचा मुलींच्या घोळक्यातला फोटो टाकलायस, तो राहू दे. केडगावला त्यांचं मुक्ती मिशन पाहिलंयस तू. दुष्काळातल्या मुली त्यांनी आणल्या, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगतं. पण १८९७ च्या प्लेगात पुण्याच्या सरकारी छावणीत बायका-मुलींचे हाल होतात, त्या तिथे सुरक्षित नाहीत, हे त्यांनी वर्तमानपत्रात जाहीर लिहिलं होतं आणि सरकारला ते चांगलंच झोंबलं होतं. ती एक ओळ फोटोखाली घाल. अक्कांवर नाराज असलेली माणसं समोरच बसणार आहेत, त्यांनी ती वाचावी एवढाच माझा डाव.

शेवटच्या पाटीवर देणगीसाठी क्यूआर कोड टाकू का विचारलंस. नको. त्याऐवजी १०९८, मुलांच्या मदतीचा फोन नंबर, मोठ्या अक्षरात टाक. अडचणीतलं मूल दिसलं की कुठे फोन करायचा, हे आपल्या अर्ध्या मंडळीला माहीत नाही. सापडलेलं मूल चोवीस तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावं लागतं, हेही लिही. लोक दयेपोटी चार-चार दिवस घरात ठेवून घेतात आणि मग अडकतात.

फाइल शनिवारी दुपारपर्यंत पाठव. प्रोजेक्टर पंचांच्या मुलाचा आहे, तो संध्याकाळीच लावून बघणार आहे. मामांना यातलं काही सांगितलेलं नाही, सांगितलं तर रविवारी येणारच नाहीत. त्यांचा फोन आला तर तूही बोलू नकोस.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझे,
पप्पा