काळ्या मोहऱ्यांचा विजय निव्वळ नशिबाचा नव्हे

संपादक महोदय,

१२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूर येथे काळ्या मोहऱ्यांनी खेळून बुद्धिबळाचा जगज्जेता झालेल्या दोम्माराजू गुकेशचा विजय ही त्याचा प्रतिस्पर्धी, चीनचा तत्कालीन जगज्जेता 'डिंग लिरेनच्या चुकीची देणगी' असल्याचे अनेकजण म्हणतात, ते मला पटत नाही.

चौदाव्या म्हणजे शेवटच्या डावापूर्वी गुणसंख्या ६.५-६.५ अशी समान होती. पांढऱ्या मोहऱ्या (म्हणजे पहिली चाल) असूनही डिंग बरोबरीवर समाधानी दिसत होता. एका प्याद्याने पुढे असलेल्या गुकेशने मात्र, जाणकारांना डाव बरोबरीचाच वाटत असतानाही, तासन्‌तास दबाव सोडला नाही. ५५व्या चालीत डिंगने हत्ती एफ-२ घरात आणला आणि घात झाला, कारण त्याचा उंट ए-८ या कोपऱ्यात अडकलेला होता. हत्तींची मारामारी होताच गुकेशने आपला उंट डी-५वर ठेवून उंटही पटावरून उतरवायला भाग पाडले, आणि उरलेल्या राजा-प्याद्यांच्या लढतीत पांढऱ्याला वाचण्याची वाटच राहिली नाही. ५८व्या चालीनंतर डिंगने डाव सोडला.

चूक घोडचूकच होती, हे मान्य. पण गुकेशने बरोबरीचा हात आधीच पुढे केला असता, तर ती घडलीच नसती (आणि लढत कमी वेळाच्या जलद डावांवर गेली असती, जिथे डिंगचे पारडे जड मानले जात होते).

– एक बुद्धिबळप्रेमी वाचक