बापूस पत्र : कादंबरी आणि सूर्यनमस्कार

कऱ्हाड,
रविवार, पहाटे

प्रिय बापू,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. कादंबरीला हात घातलास, बरं वाटलं. पण खालीच "पहिलं प्रकरण ग्रुपवर टाकलं, सगळे कौतुकानं तुटून पडले" हे वाचलं आणि माझा चहा गार झाला. आधी ते तिथून काढ. मग पुढचं वाच.

माझी कोजागिरी तुला ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी आमच्या गच्चीवर, मसाला दुधाबरोबर, मी माझ्या कादंबरीची अख्खी गोष्ट सांगितली. दीड तास! नायिकेची शेवटची एसटी चुकते तिथं मेव्हण्यानं मांडीवर थाप मारली, शेवटाला वहिनींनी डोळे टिपले. काय रंगलो होतो म्हणून सांगू. दुसऱ्या दिवशी पहाटे वही उघडली तर आत लिहायला काही उरलंच नव्हतं. दाद आधीच पदरात पडलेली, मग मान मोडून बसायचं कशाला? वर शेजारच्या काकांनी त्यातला चिक्कू सावकार स्वतःवर ओढवून घेतला, ते अजून नीट बोलत नाहीत. आणि पुढं प्रत्येक लग्नात, बारशात, "काय लेखक, कुठवर आलं?" आठ महिने वहीला हात लावला नाही. ती गोष्ट गेली ती गेलीच. आता लिहितोय ती दुसरी. कशावर, ते विचारू नकोस. तुलासुद्धा सांगणार नाही.

तू म्हणशील, हरिभाऊ आपटे १८९० पासून 'करमणूक'मध्ये कादंबऱ्या हप्त्याहप्त्यानंच छापत होते की! होते. पण साप्ताहिक त्यांचं स्वतःचं होतं, अंक वेळेवर निघायलाच हवा. आपल्या दारात मजकुरासाठी कोण उभं आहे? गॅसवाला.

मला जवळच्या वाटतात त्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हे त्यांचं कथांचं पुस्तक आलं ते विभावरी शिरूरकर या नावानं, आणि ही बाई कोण म्हणून केवढा गहजब झाला. स्वतःच्या नावानं लिहायला बसल्या असत्या तर दर वाक्याला कुणीतरी ओळखीचं डोळे वटारून समोर उभं राहिलं असतं, असं आपलं मला वाटतं. तुझ्या पहिल्या प्रकरणात ती भांडकुदळ आत्या आहे ना? आणि त्याच ग्रुपवर तुझी खरी आत्याही आहे. दुसऱ्या प्रकरणात ती कशी प्रेमळ होत जाते बघ.

नेमाड्यांचा दाखला मात्र स्वतःला देऊ नकोस. १९६३ साली, पंचविसाव्या वर्षी, 'कोसला' पंधरा-सोळा दिवसांत लिहून मोकळे झाले, हे वाचून मीही बँकेत पंधरा दिवसांची रजा टाकली होती. अकरा पानं झाली आणि घरातले सगळे पंखे पुसून झाले.

आता माझं चालतं कसं, ते सांगतो. रोज वीस ओळी. फुलस्केप वहीच्या एका ओळीत माझे दहाएक शब्द बसतात, म्हणजे दोनशे. वर्षात तीनशे दिवस बसलो तर साठ हजार, एवढ्यात बऱ्यापैकी कादंबरी होते. पहाटे पाच ते सहा, आणि वीस झाल्या की पुढचं सुचत असलं तरी उठायचं. काहीच सुचत नसेल त्या दिवशी कालचा शेवटचा परिच्छेद नव्यानं उतरून काढायचा. तीन-चार ओळी झाल्या की हात आपोआप पुढं सरकतो, नाही सरकला तर त्या दिवशी सुट्टी. मागचं वाचत बसायचं नाही. मी एकदा वाचलं आणि पहिली चाळीस पानं फाडायला निघालो होतो.

वह्या जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात ठेवतो, त्याला आमच्याकडे झाडू मारतानाही कोणी हात लावत नाही. पण वाळवीची भीती, म्हणून पानांचे मोबाइलवर फोटो काढून ठेवायला लागलो. ते सगळे लेकीच्या टॅबवर जाऊन पडले, कारण दोन्हीकडं खातं एकच! जेवताना तिनं सगळ्यांसमोर विचारलं, "बाबा, ही सुलभा कोण? आणि ती तुमची वाट का बघतेय?" सुलभा माझी नायिका, हे सांगण्यापेक्षा भानगड कबूल करणं सोपं होतं. हिनं आमटी वाढायचा डाव पातेल्यात ठेवला आणि माझ्याकडे पाहत राहिली. बँकेतल्या जुन्या फायलीतला कागद आहे म्हणून कसंबसं निभावलं. तेव्हा फोटोंसाठी आधी वेगळं खातं उघड.

आणि ओळींचा हिशेब? तो कालनिर्णयवर. दुधाच्या आकड्याशेजारी त्या दिवसाच्या ओळींचा आकडा घालतो. रिकामा चौकोन डोळ्यांत खुपतो, त्या खुपण्यावरच माझी गाडी चालली आहे. महिनाअखेरीस हिनं गवळ्याचा हिशेब करायला घेतला आणि हाक मारली, "अहो, पाचशे ऐंशी लिटर?" माझ्या तोंडून निघून गेलं, "सूर्यनमस्कार आहेत ते."

तेव्हापासून सगळ्या कॉलनीत माझं नाव झालंय. बागेतले आजोबा पाठ थोपटतात. परवा एक जण शिकायला येऊ का म्हणाला.

एकशे बत्तीस पानं झाली आहेत. पूर्ण झाली की पहिली तूच वाचायची, तोवर तुझीही मला पाठवू नकोस. दिवाळीत येशील तेव्हा हिच्यासमोर माझ्या पोटाकडे बघत नमस्कारांचा विषय तेवढा काढू नकोस.

तुझाच