ब्लॉकचेनच्या आधी नमुन्याचा हिशेब

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कायदेशीर गांजाच्या उत्पादनांचा माग ठेवण्यासाठी ब्लॉकचेन वापरावी, म्हणजे बी पेरल्यापासून दुकानात विक्री होईपर्यंतची प्रत्येक नोंद कायमची आणि अबाधित राहील, असे प्रतिपादन करणारा लेख आपल्या अर्थविषयक पुरवणीत वाचला. द्राक्षनिर्यातीसाठी कीटकनाशकांचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळेत माझी नोकरी झाली. त्यामुळे शेतमालाचा माग, त्याचा नमुना आणि त्याचे प्रमाणपत्र या तिन्ही गोष्टींशी जवळून संबंध आला. लेखातील सूचना चुकीची आहे असे मी म्हणणार नाही, परंतु हे तंत्र जिथे खरोखर उपयोगी पडेल ती जागा लेखाने सोडून दिली आहे आणि जिथे त्याचा उपयोग बेताचा आहे तिथे सगळा भर दिला आहे.

कल्पना तशी जुनीच आहे. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 रोजी प्रौढांसाठी गांजाची विक्री कायदेशीर झाली. त्याच्या आदल्या वर्षी ब्रिटिश कोलंबिया प्रांताने या व्यवस्थेबद्दल सूचना मागवल्या, तेव्हा आयबीएम कंपनीने हा सगळा माग ब्लॉकचेनवर ठेवण्याचा प्रस्ताव दिला होता. त्यामागचे तत्त्व सोपे आहे. उत्पादक, प्रक्रिया करणारा, प्रयोगशाळा, घाऊक विक्रेता, दुकानदार आणि सरकार या सर्वांकडे नोंदवहीची सारखीच प्रत असते. प्रत्येक नव्या नोंदीत आधीच्या नोंदीचा गणिती ठसा (नोंद जराही बदलली की बदलणारा आकडा) गुंफलेला असतो, आणि म्हणून मागची एखादी नोंद कोणी गुपचूप बदलली तर पुढचे ठसे जुळेनासे होऊन लबाडी उघडी पडते. एवढे काम हे तंत्र चोख करते. मात्र नोटरीच्या रजिस्टरात चढले म्हणून खोटे प्रतिज्ञापत्र खरे ठरत नाही, आणि गांजाच्या धंद्यातील बहुतेक गैरप्रकार नोंद झाल्यानंतरचे नसून नोंद होतानाचे किंवा नोंद टाळण्याचे आहेत.

अमेरिकेचे उदाहरण पाहावे. कोलोरॅडोत 1 जानेवारी 2014 पासून आणि कॅलिफोर्नियात 1 जानेवारी 2018 पासून प्रौढांना परवानाधारक दुकानांतून गांजा मिळू लागला. या दोन्ही राज्यांत ‘मेट्रक’ नावाची मागप्रणाली वापरतात आणि तिचा पाया साधा मध्यवर्ती डेटाबेस हाच आहे. कॅलिफोर्नियात रोपे लहान असताना शंभरपर्यंत रोपांचा एक गट धरतात. ती फुलोऱ्याच्या टप्प्यावर आली की प्रत्येक झाडाच्या खोडाला चिप बसवलेली, 24 अंक-अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक असलेली पट्टी बांधतात. कापणीच्या वेळी झाडाचे ओले वजन लिहितात. पुढे माल वाळतो आणि वाळताना त्याचे वजन साधारण तीन-चतुर्थांशाने घटते. नेमकी इथेच फट आहे. शंभर किलो ओल्या मालाचे पंचवीस किलो झाले असताना वहीत बावीस लिहिले, तर तीन किलो माल काळ्या बाजारासाठी मोकळा होतो आणि कागदावरचा ताळेबंद मात्र बिनचूक जुळतो. ब्लॉकचेन त्या बावीसच्या आकड्याचे प्राणपणाने रक्षण करील, पण तराजूपाशी उभी राहणार नाही.

जी नोंद झालीच नाही तिची कथा याहून बोलकी आहे. ऑन्टारिओ प्रांतातील पेलहॅम येथे ‘कॅनट्रस्ट’ या परवानाधारक कंपनीच्या हरितगृहात परवाना मिळण्यापूर्वीच काही खोल्यांमध्ये लागवड झाल्याचे आणि कर्मचाऱ्यांनी तपासनिसांना खोटी माहिती दिल्याचे ‘हेल्थ कॅनडा’ या तेथील केंद्रीय आरोग्य खात्याने जुलै 2019 मध्ये उघड केले. त्याच वर्षी कंपनीचा परवाना निलंबित झाला. (अधिकाऱ्यांविरुद्धचा फौजदारी खटला पुढे टिकला नाही, हेही सांगितले पाहिजे.) ज्या झाडांना पट्टीच बांधलेली नाही, ती ब्लॉकचेनच्या कोणत्याही साखळीला दिसत नाहीत. ती दिसली ती माहितगार माणसाने तोंड उघडल्यामुळे आणि तपासनीस प्रत्यक्ष जागेवर गेल्यामुळे.

यापेक्षा गंभीर प्रश्न प्रयोगशाळांचा आहे आणि लेखात त्यासाठी एकच वाक्य खर्ची पडले आहे. कॅलिफोर्नियात प्रत्येक बॅचची तपासणी सक्तीची असून 66 कीटकनाशकांची यादी ठरलेली आहे. तरीही ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने ‘वीडवीक’ या व्यवसायविषयक प्रकाशनाच्या साथीने कायदेशीर उत्पादनांची स्वतंत्र तपासणी करून घेतली, तेव्हा 42 पैकी 25 उत्पादनांत राज्याच्या मर्यादेपेक्षा किंवा तंबाखूसाठीच्या संघीय मानकांपेक्षा अधिक कीटकनाशके आढळली. हा वृत्तान्त जून 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. हा माल चोरट्या वाटेने आलेला नव्हता, त्याच्या पट्ट्या आणि प्रमाणपत्रे जागच्या जागी होती. प्रयोगशाळा निवडतो उत्पादक आणि तिचे शुल्कही तोच भरतो. नशा आणणाऱ्या टीएचसीचे प्रमाण जास्त दाखवले की मालाला भाव चढतो, म्हणून आकडा चढवून देणाऱ्या आणि कीटकनाशकांकडे काणाडोळा करणाऱ्या प्रयोगशाळेकडे गिऱ्हाईक वळते व प्रामाणिक प्रयोगशाळेला टाळे लागण्याची वेळ येते. या व्यवहारातून निघालेला अहवाल ब्लॉकचेनवर चढवला, तर एक संशयास्पद आकडा अजरामर होईल एवढेच.

महाराष्ट्राला हा धडा द्राक्षांनी शिकवला आहे. 2003 मध्ये मेथोमिल या कीटकनाशकाच्या अंशांवरून युरोपात आपली द्राक्षे अडचणीत आली, आणि त्यानंतर ‘अपेडा’ या केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाने 2006 मध्ये ‘ग्रेपनेट’ ही द्राक्षांची मागप्रणाली सुरू केली. बागेची कृषी खात्याकडे नोंदणी, नोंदणी क्रमांकावरच काढलेला नमुना, प्रयोगशाळेने थेट प्रणालीत भरलेला निकाल, त्याशिवाय पुढचे प्रमाणपत्र नाही, अशी ती रचना होती आणि ती उत्तम चालली. एखादा कंटेनर कोणत्या गावातील कोणत्या बागेच्या मालाने भरला आणि नमुना कोणी कधी काढला, हे आम्हाला बसल्या जागी सांगता येत असे. ब्लॉकचेनचे नावही तेव्हा कोणी ऐकले नव्हते. तरीही 2010 च्या हंगामात युरोपात पोहोचलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात ते वाढनियंत्रक, प्रतिकिलो 0.05 मिलिग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त सापडले आणि कंटेनरच्या कंटेनर अडकून पडले. माग बिनचूक होता, नोंदी खऱ्या होत्या. फक्त तपासायच्या रसायनांच्या यादीत त्याचे नाव नव्हते, म्हणून त्याचा शोध घ्यायला कोणी यंत्र लावले नव्हते. कॅलिफोर्नियात सापडलेल्या रसायनांपैकी पायमेट्रोझीनचीही गत हीच आहे. ते 66 च्या यादीत नाही.

मग ब्लॉकचेनचा उपयोग कुठे? माझ्या मते नमुन्याच्या हिशेबात. आज उत्पादकाला एका प्रयोगशाळेचा निकाल गैरसोयीचा वाटला तर दुसरीकडे नमुना पाठवण्याचा मोह होतो, आणि ग्राहकासमोर येते ते केवळ उत्तीर्ण प्रमाणपत्र. यावर उपाय असा, की नमुना काढणाऱ्या स्वतंत्र माणसाने जागेवरच पिशवीला मोहर लावावी आणि तिचा क्रमांक, वजन व बॅच यांची नोंद तपासणीचे यंत्र सुरू होण्यापूर्वीच साखळीवर करावी. एकदा क्रमांक चढला की त्याचा निकाल यायलाच हवा. न आलेला निकाल सर्वांना रिकाम्या जागेसारखा दिसत राहील. दुसरे असे की, अहवालाच्या पीडीएफबरोबर यंत्राच्या मूळ नोंदफाइलचा ठसाही तत्क्षणी नोंदवावा. क्रोमॅटोग्राफच्या, म्हणजे नमुन्यातील रसायने वेगळी करून मोजणाऱ्या यंत्राच्या, आलेखात शिखराखालचे क्षेत्र रसायनाचे प्रमाण सांगते, आणि त्या शिखराची पायरेषा हाताने थोडी वर-खाली सरकवून मर्यादेच्या पलीकडचा आकडा अलीकडे आणता येतो, हे या क्षेत्रातील प्रत्येकाला ठाऊक आहे. मूळ फाइलचा ठसा आधीच सर्वांच्या वह्यांत उतरला असेल तर पुढील तपासात अशी सरकासरकी पकडता येईल. परस्परांवर विश्वास नसलेल्या पक्षांना नंतर बदलता न येणारी नोंद हवी असणे, हीच ब्लॉकचेनची खरी गरज आहे आणि ती इथे आहे. अर्थात, वहीच्या सगळ्या प्रती प्रणाली पुरवणाऱ्या एकाच कंपनीच्या सर्व्हरवर असतील तर या सगळ्याला काही अर्थ नाही. सरकारी प्रयोगशाळा, कृषी विद्यापीठ आणि ग्राहक संघटना यांच्या हाती त्या असल्या पाहिजेत. दुकानातून अचानक उचललेल्या नमुन्यांची फेरतपासणीही याला जोडून हवीच.

ग्राहकाने पाकिटावरचा क्यूआर कोड तपासावा, हा लेखातील मुद्दा मला मान्य आहे. 2019 मध्ये अमेरिकेत व्हेपिंगमुळे, म्हणजे यंत्राने तापवलेल्या तेलाची वाफ ओढल्यामुळे, फुप्फुसे निकामी होण्याची साथ आली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2807 रुग्णांची नोंद झाली आणि 68 जण दगावले. तेल घट्ट दिसावे म्हणून मिसळलेले व्हिटॅमिन ई ॲसिटेट हे त्यातील मुख्य कारण ठरले, आणि अशा तेलाच्या काडतुसांपैकी (यंत्रात बसवायच्या कुप्यांपैकी) बहुतेक बेकायदा बाजारातील होती. ‘डँक व्हेप्स’सारख्या नावांची छापील रिकामी पाकिटे ऑनलाइन विकत मिळत असत, कोणीही त्यांत काहीही भरावे. प्रत्येक पाकिटाला वेगळा क्रमांक असेल आणि तोच क्रमांक चार शहरांत वाचला गेला, तर नकल उघड होते. पण हे काम मध्यवर्ती डेटाबेसही करतो. आपल्याकडे सोन्याच्या दागिन्यांवरील सहा अंक-अक्षरी एचयूआयडी (प्रत्येक दागिन्याची स्वतंत्र ओळख) क्रमांक आणि 1 ऑगस्ट 2023 पासून औषधांच्या 300 प्रमुख ब्रँडवर सक्तीचा झालेला क्यूआर कोड याच तत्त्वावर चालतात.

हा विषय दूरदेशीचा राहिलेला नाही, म्हणून हे पत्र. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे फुलोऱ्याचे शेंडे आहेत. शेंड्यांशिवायची पाने आणि बिया त्यातून वगळल्या आहेत. उत्तराखंडाने 2018 मध्ये औद्योगिक भांगेच्या, म्हणजे धागा व बियांसाठी पिकवल्या जाणाऱ्या, टीएचसी अत्यल्प असलेल्या याच वनस्पतीच्या, लागवडीला परवाना दिला. नोव्हेंबर 2021 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने भांगेच्या बिया व बियांचे तेल अन्न म्हणून मान्य केले आणि टीएचसीची मर्यादा बियांसाठी प्रतिकिलो 5 मिलिग्रॅम, तर तेलासाठी 10 मिलिग्रॅम ठरवली. हिमाचलच्या मंत्रिमंडळाने जानेवारी 2025 मध्ये पालमपूर आणि नौणी येथील विद्यापीठांमार्फत नियंत्रित लागवडीच्या प्रायोगिक अभ्यासाला मंजुरी दिली. या क्षेत्रातील ‘बॉम्बे हेम्प कंपनी’ तर मुंबईचीच. शिवाय परवाना आणि मागाची कल्पना आपल्याला परकी नाही. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील परवानाधारक गांजा प्रामुख्याने नगर जिल्ह्यात पिकत असे आणि त्यावर अबकारी खात्याची नजर असे.

5 मिलिग्रॅमची मर्यादा तपासण्यासाठी महागडे उपकरण, प्रमाणित संदर्भद्रव्य आणि ते हाताळणारा प्रशिक्षित माणूस लागतो. डोंगराळ भागातील लहान शेतकऱ्याला त्याचा खर्च पेलणारा नाही. तेव्हा हिमाचलसारख्या राज्यांनी निविदा काढताना आधी नमुने काढणारी स्वतंत्र यंत्रणा आणि सरकारी संदर्भ प्रयोगशाळा यांची तरतूद करावी, तपासणीचे शुल्क उत्पादकाने प्रयोगशाळेला थेट न देता सामायिक निधीत भरावे, आणि कोणती प्रयोगशाळा कोणता नमुना तपासील हे चिठ्ठी टाकून ठरावे. साखळी त्यानंतर. ग्राहकाचे किंवा रुग्णाचे नाव मात्र त्या साखळीवर कुठल्याही रूपात चढू नये, कारण तिथे चढलेले पुसता येत नाही आणि या वनस्पतीविषयीचा कायदा राज्याराज्यांत वेगळा आहे. पाकिटावरचा कोड वाचल्यावर नुसती हिरवी खूण उमटू नये. कोणकोणती रसायने तपासली त्यांची पूर्ण यादी उघडावी, म्हणजे कोणती तपासली नाहीत हेही जाणकाराला कळेल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त रसायनतज्ज्ञ, नाशिक