‘परवा’ म्हणजे नक्की कधी?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

कॅनडात असायलम, म्हणजे निर्वासित म्हणून आश्रय, नाकारल्याच्या बातम्या आल्या की इथे मिसिसागात कोणीतरी हमखास म्हणतं, नाकारला तर नाकारला, कोर्टात बघून घेतील. अहो, फेडरल कोर्टात तुमची कहाणी कोणी पहिल्यापासून ऐकत नाही. आश्रयाचे अर्ज ठरवणाऱ्या इमिग्रेशन अँड रेफ्युजी बोर्डाचं अपील संपल्यावर 15 दिवसांत आधी केस चालवायची परवानगी मागायची, ती नाकारली तर बहुतेक वेळा कारणही सांगत नाहीत, आणि मिळालीच तर जज बघणार एवढंच की निर्णय पटण्यासारखा आहे का आणि माणसाला नीट ऐकून घेतलं का. जिंकलात तरी आश्रय मिळत नाही, केस परत बोर्डाकडे, दुसऱ्या मेंबरपुढे, म्हणजे निर्णय देणाऱ्या दुसऱ्या माणसापुढे.

हे ‘नीट ऐकून घेणं’ही फुकट नाही मिळालं. 1985 च्या आधी अर्जदाराचं तोंडही न बघता जबाबाच्या कागदांवरून निकाल लागायचा. मग सिंग केस झाली, त्यात भारतातून गेलेले शीख होते, आणि कॅनडाच्या सुप्रीम कोर्टाने सांगितलं की माणूस खरं बोलतोय का हाच प्रश्न असेल तर त्याला समोर बसवून ऐका. गैरसोय होते ही सबब न्या. बर्था विल्सन यांनी मानली नाही.

पण समोर बसवलं तरी मधे दुभाषी असतो आणि खरी गोची तिथेच आहे. आपला ‘परवा’ मागचा की पुढचा? काका आणि मामा दोघंही इंग्रजीत अंकलच. समजा गावाकडचा कोणी म्हणाला, पोलीस पाटलांकडे गेलो होतो, दुभाष्याने नुसतं ‘पोलीस’ केलं, आणि आश्रयाच्या फॉर्मात तर लिहिलंय की पोलिसांत तक्रार केली नाही. झालं, खोटारडा ठरला! भाषांतराची चूक कोर्टात मांडता येते, पण चूक तेव्हाच कळली असेल तर तिथल्या तिथे हरकत घेतलेली लागते. आणि आपली माणसं काय करतात तर दुभाषी बरोबर समजतोय ना असं विचारलं की भिडेखातर मान हलवून ‘हो हो, चालतंय’ म्हणतात, ते रेकॉर्ड होतं, आणि पुढे वकिलाने कितीही डोकं आपटलं तरी ते ‘चालतंय’ फाईलमधून निघत नाही.

– एक वाचक, मिसिसागा