खुलं पत्र: कंपनीला दिवाळं काढता येतं, टेम्पोवाल्याने कुठे जायचं?

मा. निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री आणि कॉर्पोरेट व्यवहार मंत्री

विषय: 2016 च्या दिवाळखोरी कायद्याचा भाग तीन साध्या माणसांना लागू करणेबाबत.

मॅडम, स.न.वि.वि.

दोन्ही खाती तुमच्याकडेच आहेत म्हणून पत्र थेट तुम्हाला, नाहीतर एका खात्याने दुसऱ्याकडे बोट दाखवायचं आणि माणूस मधे लटकायचा हे आम्ही भरपूर बघितलंय. मी एका जिल्ह्याच्या गावी अकाउंटची आणि जीएसटीची कामं करतो, आणि हल्ली रिटर्न भरायला येणाऱ्यांपेक्षा "साहेब, ह्या कर्जाचं काय करू" विचारायला येणारेच जास्त झालेत, त्यांच्याकडे फी मागवत पण नाही.

त्यातलाच एक टेम्पोवाला. कापडाच्या दुकानाची पिशवी टेबलावर उपडी केली. बँकेची सरफेसीची, म्हणजे तारण जप्त करायच्या कायद्याची नोटीस, घरावर. पतसंस्थेचा सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला. टेम्पो तर फायनान्स कंपनी केव्हाच ओढून घेऊन गेलेली, तो विकून राहिलेल्या रकमेसाठी चेन्नईहून लवादाचं पत्र, इंग्रजीत, पाकीट फोडलेलंसुद्धा नाही. क्रेडिट कार्ड. शिवाय एकाला दिलेला चेक बाउन्स झालेला, त्याची 138 ची केस. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे म्हणतात, ह्याचा फोन माझ्यासमोर साडेआठला वाजत होता. रात्रीच्या.

आता गंमत बघा, ह्या सगळ्यांना एकमेकांचा पत्ताच नाही. प्रत्येकाचं ऑफिस वेगळं, कायदा वेगळा, तारीख वेगळी. लोकअदालतीत बँकेशी सेटलमेंट करायला जावं तर पैसे पतसंस्थेचे थांबवून द्यायचे, मग पतसंस्था दारात. तर तो मला म्हणाला, "साहेब, मोठ्या कंपन्या दिवाळं काढतात ना, तसं मला नाही का काढता येत?"

बरोबर प्रश्न आहे मॅडम. दिवाळखोरीचा खरा उपयोगच तो, सगळे देणेकरी, म्हणजे ज्यांचे पैसे द्यायचेत ते, एका टेबलावर येतात, माणसाकडे जे काय आहे ते सगळ्यांत वाटलं जातं, आणि एका टप्प्यानंतर तो मोकळा होतो. बुडवेगिरीची सोय नाही ही. आणि कायदा झालेलाही आहे. मे 2016 मधे संसदेने इन्सॉल्व्हन्सी अँड बँकरप्सी कोड पास केला, त्यातला भाग तीन खास व्यक्तींसाठी आणि भागीदारी फर्मसाठी. पण कंपन्यांचा भाग डिसेंबर 2016 मधे सुरू झाला आणि आमचा भाग राहिला तो राहिलाच. 1 डिसेंबर 2019 ला त्यातला तुकडा लागू केलात, तोही फक्त कंपनीच्या कर्जाला ज्यांनी वैयक्तिक हमी दिली त्यांच्यासाठी, म्हणजे मुळात प्रमोटर मंडळींसाठी. टेम्पोवाल्याने हमी कोणाची दिली, तर मेव्हण्याची, मेव्हण्याची काय कंपनी नाही.

मग सध्या साध्या माणसाने जायचं कुठे? माझ्या ओळखीच्या एका वकिलांना विचारलं तर ते म्हणाले मुंबईला एनसीएलटीत जा. एनसीएलटी म्हणजे कंपन्यांचं न्यायाधिकरण. दुसरे म्हणाले डीआरटी, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरण. डीआरटीत बँका येतात, त्याही 20 लाख आणि वरच्या वसुलीसाठी. खरं उत्तर तुमच्याच सरकारने ऑगस्ट 2017 मधे एका प्रेसनोटमधे दिलंय, की व्यक्तींचा भाग अजून लागू नाही त्यामुळे डीआरटीत येऊ नका, जुन्या कायद्यांखाली जा. जुने म्हणजे किती जुने, तर मुंबईसाठी प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट 1909 आणि बाकी महाराष्ट्रासाठी प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी ॲक्ट 1920. मुंबईतला माणूस हायकोर्टात जाणार, तिथे ऑफिशियल असाइनी, म्हणजे दिवाळखोराची मालमत्ता ताब्यात घेणारा अधिकारी. मुलुंड चेकनाका ओलांडून ठाण्यात राहायला आला की जिल्हा कोर्ट आणि तेच काम करणारा ऑफिशियल रिसीव्हर. लोकमान्य टिळक हयात असतानाचा कायदा आहे हो हा, आणि त्यात अर्ज करायला कर्ज किती पाहिजे, तर पाचशे रुपये!

वाचायला बसलो तर कायदा तसा वाईट नाही हे पण सांगतो. राहतो किंवा धंदा करतो तिथल्याच जिल्हा कोर्टात अर्ज करता येतो. सगळ्या देणेकऱ्यांची नावं, पत्ते, रकमा द्यायच्या, मालमत्तेची यादी द्यायची, आणि ही सगळी कोर्टाच्या ताब्यात द्यायला तयार आहे असं लिहून द्यायचं. कोर्टाने नादार, म्हणजे दिवाळखोर, ठरवलं की परवानगीशिवाय देणेकऱ्यांना वसुलीचा वेगळा दावा लावता येत नाही. घर तारण असलेली बँक त्यातून सुटते, 138 ची केस पण थांबत नाही, तरी बाकीची निम्मी पिशवी तर एका जागी येते ना. पण हे कोर्टाच्या आवारात कोणाला माहितीच नाही. अर्जाचा नमुना मागितला तर क्लार्कने वर बघून "असलं काही आमच्याकडे येत नाही" म्हणून सांगितलं, आणि त्याचं तरी काय चुकलं, त्याने असा अर्ज बघितलेलाच नसणार.

मग म्हटलं आधीच्या कोणाची केस सापडते का बघू, त्यावरून अर्ज करता येईल. इथे तर हसावं की रडावं कळेना. कंपनी दिवाळ्यात गेली की दिवाळखोरीचं काम बघणाऱ्या सरकारी इन्सॉल्व्हन्सी बोर्डाच्या साईटवर जाहीर सूचना, ऑर्डर, क्लेम भरायची तारीख, सगळं फुकट बघायला मिळतं, मोबाईलवर, चहा थंड व्हायच्या आत. माणसाच्या नादारीची नोंद शोधायची तर ई-कोर्ट्सवर पक्षकाराचं नाव आणि केसचं वर्ष टाकायचं. वर्ष माहीत असतं तर शोधत कशाला बसलो असतो? शिवाय नाव इंग्रजीत. आमच्याकडे क्षीरसागर किती स्पेलिंगांनी लिहितात ते विचारा, के एस एच, के एस, आणि एक्स लावणारेही आहेत. जुन्या केसेस साईटवर नसल्या की रेकॉर्ड रूम, नक्कल अर्ज, कोर्ट फीचं तिकीट, आणि नाझरसाहेब जागेवर असतील ती वेळ. नादार ठरवल्याची सूचना राजपत्रात छापायची असं 1920 चा कायदाच सांगतो, पण राजपत्र चाळून माणूस शोधणारा मला तरी अजून भेटला नाही.

आणि ह्या नोंदीचं महत्त्व फक्त कर्जदाराला नाही. उद्या मी कोणाला उधारीवर माल दिला तर तो नादार ठरलाय का हे मला कळायला नको? मुक्त न झालेल्या नादाराला खासदार, आमदार होता येत नाही असं राज्यघटनेत लिहिलंय, मग निवडणुकीच्या फॉर्मवर हरकत घेणाऱ्याने ती नोंद शोधायची कुठे?

तर मागणी एवढीच की भाग तीन लागू करा. पण आहे तसा नको. त्यात गरिबांसाठी 'फ्रेश स्टार्ट' आहे, कर्ज थेट माफ होतं, कल्पना फार चांगली. अटी बघा: वर्षाचं उत्पन्न 60,000 पर्यंत, मालमत्ता 20,000 पर्यंत, कर्ज 35,000 पर्यंत, आणि स्वतःचं घर नको, तारण असो नसो. महिन्याला पाच हजार! आणि घराच्या अटीने तर कमालच केलीय, एकीकडे तुमचंच सरकार पंतप्रधान आवास योजनेत घरकुल देणार आणि दुसरीकडे घरकुल आहे म्हणून ह्याला फ्रेश स्टार्ट नाही. ह्या रकमा 2016 च्या आहेत, तेव्हाही कमीच होत्या. आधी ह्याची दुरुस्ती आणा, मग अधिसूचना काढा. कर्जमाफीचं म्हणाल तर 2017 ची आणि 2019 ची दोन्ही आमच्या राज्याने केल्या, पण त्या शेतीकर्जाच्या, टेम्पोला आणि क्रेडिट कार्डाला त्यात जागा नव्हती.

आणखी एक, आणि हे मला सगळ्यात जास्त खटकतं. नव्या कायद्यात अर्ज डीआरटीकडे जाणार. महाराष्ट्रात डीआरटी आहेत मुंबई, पुणे, नागपूर आणि संभाजीनगरला. ज्याच्या खिशात एसटीचं भाडं नाही त्या गडचिरोलीच्या माणसाने नागपूरला तारखांना जायचं का? 1920 च्या इंग्रजाने निदान जिल्ह्याच्या गावी दार ठेवलं होतं. ते बंद करू नका. अर्ज जिल्हा कोर्टात नाहीतर तहसीलच्या सेतू केंद्रात घेऊ द्या, डीआरटीने व्हिडिओवर सुनावणी करावी, आणि नादारांची यादी जिल्हावार, मराठीत, देवनागरी नावाने शोधता येईल अशी त्याच इन्सॉल्व्हन्सी बोर्डाच्या साईटवर टाका, कंपन्यांची टाकता तशीच.

टेम्पोवाल्याचा अर्ज मी आणि एक तरुण वकील मिळून 1920 च्या कायद्याखाली लिहितोय. नमुना नाहीये, कलमं वाचून वाचून करतोय. तुमच्या खात्याकडे नमुना असला तर पाठवा, उपकार होतील.

आपला,
एक अकाउंटवाला