उजळणीची तारीख आधी लिही

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला टाइमटेबलचा फोटो मोठा करून पाहिला. रेघा अगदी पट्टीने मारल्यात. पण रविवारच्या चौकटीत ‘रसायन, सहा तास’ आणि त्यानंतर तीन आठवडे रसायनाचं नाव नाही. परवा फोनवर रडवेली होऊन म्हणालीस ना, “सगळं झालं होतं गं आई, पेपर हातात आला आणि डोकं कोरं!” त्याचं कारण त्या चौकटीत आहे.

मीही तेच करायचे. आदल्या रात्री जागून पुस्तक तीनदा वाचायचे. एका परीक्षेत आकृती कुठल्या पानावर आहे, डाव्या कोपऱ्यात कशी छापली आहे, सगळं डोळ्यांपुढे आलं. तिच्यातल्या भागांची नावं मात्र एक नाही!

हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने हा विसर स्वतःवरच मोजला. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची, मग ती पुन्हा पाठ करायला किती कष्ट वाचतात ते पाहायचं. १८८५ साली त्याने ते छापलं. तासाभरात वाचणारे कष्ट निम्म्याच्याही खाली आले, दिवसाने एक तृतीयांशावर. पण महिन्यानंतरही ते एक पंचमांश उरले होते. म्हणजे गळती सुरुवातीला जोराची, मग संथ. त्याला आणखी एक गोष्ट दिसली: एका दमात ६८ वेळा घोकून जे साधलं, ते तीन दिवसांत विभागलेल्या ३८ वेळांतच साधलं. तुझे सहा तास तू कुठे घालवतेस ते आता बघ.

त्याहून मला आवडतो तो ब्रिटिश टपाल खात्यातला प्रयोग, १९७८ साली प्रसिद्ध झालेला. टपालवाल्यांना टंकलेखन शिकवायचं होतं. काहींना दिवसाला एकच तास, काहींना दोन-दोन तासांच्या दोन बैठका. रोज तासभरवाले कमी तासांत शिकले. आणि गंमत म्हणजे सगळ्यात नाराज तेच होते! आपण मागे पडतोय असं त्यांना वाटायचं, कारण दिवस जास्त लागत होते. तुलाही तसंच वाटेल. रविवारी रात्री पुस्तक मिटताना जे भरल्यासारखं वाटतं, ते पान ओळखीचं झाल्यामुळे. ओळखीचं वाटणं वेगळं, आठवणं वेगळं.

तर त्या सहा तासांचे तुकडे कर. आज एक प्रकरण शिकलीस की त्याच वेळी उद्याची, चौथ्या दिवसाची आणि पुढच्या आठवड्याची तारीख त्याच्यापुढे पेन्सिलने लिहून टाक. नवीन धडा मागाहून, आधी या तारखा. परीक्षा आठवड्यावर असेल तर मधे एका दिवसाचं अंतर पुरतं, महिन्यावर असेल तर आठवडाभर थांबलेलं चालतं. थोडं विसरल्यावर परत जायचं, हीच तर त्यातली मेख आहे.

आणि उजळणी म्हणजे पुन्हा वाचणं नव्हे. पुस्तक उलटं ठेव, रफ वही घे आणि आठवेल तेवढं लिही. समीकरणाची डावी बाजू येईल, उजवी येणार नाही. लगेच डोकावू नकोस, मिनिटभर छळ होऊ दे. मग बघून लाल पेनने भर. पुढच्या वेळी तेवढं लालच आधी. हायलाइटर ठेव बाजूला. तुझ्या पुस्तकात आता पिवळं नसलेलं काय आहे तेच शोधावं लागतं.

झोप मात्र कापू नकोस. शिकलेलं पक्कं व्हायचं बरंचसं काम झोपेतच होतं, त्यामुळे जागरण करून पाठ केलेल्याचा तोटा दुहेरी.

येत्या रविवारी फोन करशील तेव्हा आम्ल आणि आम्लारी मला समजावून सांग, पुस्तक न उघडता. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, चुकलीस तरी मी काही पकडणार नाही. तू मात्र जिथे अडखळशील तिथे लाल खूण कर.

तुझी,
आई