रात्री दोन वाजता घेतलेलं माप

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

शनिवारी माझ्या रिमोटवरच्या पाणबुडीतून सहाच्या सहा टॉर्पेडो सुटले. तुम्हाला फोन लावला तेव्हा गळा दाटून आला होता, ‘झालं, काका’ एवढंच म्हणता आलं. राहिलेलं आता लिहितो, आणि सगळ्यांसमोर लिहितो.

रिमोटवरच्या पाणबुडीत चालणारा फिरता लाँचर बसवायचा, हा ध्यास तीन वर्षांचा. खऱ्या पाणबुडीत ५३३ मिलिमीटरच्या नळीत पुढचा टॉर्पेडो भरायला माणसं असतात. मॉडेलमध्ये ते काम सहा कप्प्यांच्या फिरत्या ड्रमने करायचं. ६० अंश फिरायचं, पुढचा कप्पा नळीसमोर आणायचा, की हवेचा झटका. टेबलावर माझा ड्रम कधी चुकला नाही. पाण्यात मात्र सकाळी चालायचा आणि दुपारी जाम. घरी आणून वाळला की पुन्हा मोकळा!

ज्यांना विचारलं, त्यांतल्या एकाने नुसता फोटो बघून मोटर बदलायला लावली. दुसऱ्याने ड्रम ठेवून घेतला, दोन महिने फोन उचलला नाही. परत मिळाला तेव्हा माझी चिकटपट्टीसुद्धा निघालेली नव्हती. ‘खेळण्यापायी कशाला एवढा जीव काढता?’ हेही ऐकून घेतलं. ते अजून सलतं.

तुमची-माझी तर ओळखही नव्हती. तुम्ही ड्रम हातात घेतलात, कडेवर नख ओढून पाहिलंत, ‘नायलॉन ना?’ एवढंच विचारलंत आणि ठेवून जा म्हणालात. दुसऱ्या दिवशी ड्रमसोबत वहीचं एक फाडलेलं पान दिलंत. त्यावर पेन्सिलने पाच ओळी होत्या, पाण्यात बुडवून ठेवलेल्या ड्रमचा व्यास, मिलिमीटरमध्ये. रात्री १० ला ३९.९०. १२ ला ३९.९३. २ ला ३९.९६. ४ ला ३९.९८. सकाळी ६ ला ४०.००. दोनच्या ओळीखाली रेघ मारलेली. ज्या नळकांड्यात ड्रम फिरतो त्याचा आतला व्यास ३९.९५, म्हणजे रात्री दोनला तो त्यात मावेनासा झाला होता. नायलॉन पाणी पितं आणि फुगतं.

काका, कारण तर तुम्ही नख ओढलंत तेव्हाच ओळखलं होतंत. तोंडी सांगितलं असतंत तरी मी मानलं असतं. पण परक्या माणसाचा प्लास्टिकचा तुकडा पेल्यात बुडवून तुम्ही रात्रीतून उठलात, दिवा लावलात, तो पुसून मायक्रोमीटरमध्ये धरलात. दोनदा. त्या पानावरचा २ चा आकडा जरा वाकडा आहे, झोपेतल्या हाताचा. तो पाहिला की मला अजून भरून येतं.

पुढे ॲसिटलचा, म्हणजे पाण्यात फारसं न फुगणाऱ्या प्लास्टिकचा नवा ड्रम, दर खाचेत टक्क बसणारी स्प्रिंगवरची गोळी, सगळं तुम्हीच लेथवर करून दिलंत. पैशांचं नाव काढू दिलं नाहीत. समोरच्याची अडचण खरी मानणं, ती लहान आहे की मोठी हे न तोलणं, ही माणुसकी मी तुमच्याकडे पाहिली. अशी माणसं भेटली की हातातलं काम टाकून द्यावंसं वाटत नाही.

शनिवारी टॉर्पेडो सुटल्यावर पाणबुडीने नाकही वर उचललं नाही. टॉर्पेडोचं वजन त्याच्या जागी येणाऱ्या पाण्याएवढं ठेवा, हे तुमचंच सांगणं.

ते पान ट्रान्समीटरच्या पेटीत, झाकणाच्या आतून चिकटवलं आहे. पुढच्या वेळी तुम्ही यायचंच. सहाही कप्पे भरून ठेवतो, बटण तुम्ही दाबायचं.

तुमचा ऋणी,
पाणबुडीवाला